सहा इंचांत समीकरण मावत नाही, आता काय घेऊ?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई अडतीस वर्षांच्या आहेत. दिवसभर ऑफिसात संगणकासमोर काम असतं. पुढच्या दोनेक वर्षांत डेटा सायन्सकडे वळायचं त्यांच्या मनात आहे आणि त्यासाठी चार पुस्तकं त्यांनी जमवली आहेत. संख्याशास्त्राचं जाडजूड पाठ्यपुस्तक आणि मशीन लर्निंगचं समीकरणांनी भरलेलं पुस्तक, ही दोन्ही पीडीएफ. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं आणि डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल या भाषेचं, ही दोन ईपब. वाचायला मिळतो तो रात्री मुलगी झोपल्यानंतरचा एखादा तास, तोही तिच्याच खोलीत. कादंबऱ्यांसाठी सहा इंची ई-रीडर आहे. ईपब पुस्तकं त्यावर बरी दिसतात, पण पीडीएफ उघडलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठं करावं तर ओळीचं शेपूट स्क्रीनबाहेर. घरी एक जुना लॅपटॉपही आहे. नवरा म्हणतो, टॅब घे, घरात सगळ्यांना उपयोगी पडेल. सहकारी म्हणतो, डोळ्यांचा विचार कर, ई-इंकच घे, म्हणजे ई-रीडरसारखी कागदासारखी दिसणारी स्क्रीन. टॅबवर मेसेज येत राहतील आणि आपण भरकटू, ही बाईंना धास्ती. "एकच काहीतरी घ्यायचंय आणि पाच-सात वर्षं परत बघायला लागू नये. खरं सांगायचं तर चांगलं यंत्र नसल्यामुळेच अभ्यास मागे पडलाय," असं त्या लिहितात. ताजा कलम असा, की रंगीत ई-इंक घ्यावी का?

नमस्कार.

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तुमच्या त्या वाक्याकडे वळते, की चांगलं यंत्र नाही म्हणून अभ्यास मागे पडला. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यासाठी पैसे खर्च करायला माझी काही हरकत नाही. सहा इंची स्क्रीनवर संख्याशास्त्राचं पीडीएफ वाचणं ही शिक्षाच आहे. कुणीही चार दिवसांत नाद सोडला असता. पण पायथॉन आणि एसक्यूएलची पुस्तकं तर तुमच्या रीडरवर नीट दिसतात. तरी तीही दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच अडकली आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तिथे स्क्रीन आड आलेली नव्हती.

माझा अंदाज सांगते. ही दोन पुस्तकं पलंगावर पडून वाचायची नाहीतच. पायथॉनच्या पुस्तकातलं एक पान वाचून झालं की त्यातला कोड हाताने टाइप करायचा, मुद्दाम एक ओळ बदलायची, एरर आली की ती वाचायची, मग पुढचं पान. एसक्यूएलचंही तसंच, क्वेरी चालवून समोर आलेला तक्ता बघितल्याशिवाय 'जॉइन', म्हणजे दोन तक्ते जोडणं, डोक्यात बसत नाही. हात कीबोर्डवर नसतील तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. तेव्हा या दोन पुस्तकांसाठी काहीही विकत घेऊ नका. घरच्या जुन्या लॅपटॉपवर अर्ध्या स्क्रीनवर पुस्तक, अर्ध्यावर कोड लिहायचा एडिटर. त्यातही ई-रीडरवर कोड वाचण्याचा एक छुपा त्रास असा, की लांब ओळ मावली नाही की ती मोडून खाली येते. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो, त्यामुळे मोडलेली ओळ नवीन ओळ आहे की आधीचीच उरलेली, हे नवशिक्याला ओळखू येत नाही. लॅपटॉपवर हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

मग उरली दोन पुस्तकं, दोन्ही गणिताची, दोन्ही पीडीएफ. यंत्राचा विचार करायचा तो त्यांच्यापुरता.

'ई-रीडर की टॅब' हा प्रश्न सगळे विचारतात, पण त्याच्याआधी फाइल कुठली आहे ते बघायला हवं. ॲडोबीने १९९३ साली पीडीएफ आणलं ते याच हेतूने, की छापील पान जसं असेल तसंच ते कुठल्याही यंत्रावर दिसावं. ओळ कुठे मोडायची, आकृती कुठे बसवायची, सगळं आधीच ठरलेलं. ईपबचं उलट. ते आतून वेबपानासारखं असतं. स्क्रीन जेवढी असेल तेवढ्यात मजकूर स्वतःला बसवून घेतो. म्हणून कादंबरीला ईपब उत्तम. गणिताच्या पुस्तकाला मात्र ईपब मिळत असेल तरीही मी पीडीएफच घेईन. समीकरणं नीट दाखवण्याची सोय ईपबच्या २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली खरी, पण ती पाळणारे रीडर फार नाहीत. मग प्रकाशक समीकरणाचं चित्र करून चिकटवतात, आणि तुम्ही अक्षर मोठं केलं तरी पुष्कळदा ते चित्र जागचं हलत नाही.

"पीडीएफचं ईपब करून घे" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. कॅलिबरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ते होतंही, आणि साध्या गद्य पुस्तकाला चालूनही जातं. गणिताच्या पुस्तकाचं काय होतं ते एकदाच करून पाहा. २ चा दहावा घात असेल तिथला घातांक खाली उतरतो आणि सरळ '२१०' असं उमटतं. अपूर्णांकाची रेघ गायब होऊन अंश आणि छेद एकापुढे एक उभे राहतात. बेरजेच्या चिन्हाखालचा 'इथपासून' आणि वरचा 'इथपर्यंत' दोन वेगळ्या ओळींत जाऊन पडतात. चूक ठळक दिसली तर निदान कळते तरी. पण २१० हा अगदी खरा आकडा वाटतो, आणि त्यावर रात्री साडेदहाला अर्धा तास सहज जातो.

आता आकाराचं बोलू, कारण तुमचं निम्मं उत्तर त्यातच आहे. स्क्रीनचा जो इंचांतला आकडा सांगतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. वाचायला उपयोगाची असते ती रुंदी. तुमच्या सहा इंची रीडरची रुंदी साधारण ९१ मिलिमीटर आहे. ७.८ इंचीची ११९. आणि १०.३ इंची ई-इंकची १५७. तांत्रिक पुस्तकं पुष्कळदा १७८ बाय २३५ मिलिमीटरच्या आसपास छापतात. समास सोडले तर ओळीची लांबी १३० च्या आजूबाजूला येते. म्हणजे समास कापून पूर्ण ओळ तुमच्या रीडरवर बसवली तर अक्षर मूळच्या सत्तर टक्के होतं. दहा पॉइंटांचं सात पॉइंटांवर येतं, आणि घातांक, पायाशी लिहिलेले निर्देशांक तर आणखी बारीक. तुमची मुंगी ती हीच. ७.८ इंचीवर तेच अक्षर नऊ पॉइंटांच्या आसपास राहतं, म्हणजे चष्मा नीट असेल तर चालण्यासारखं. १०.३ इंचीवर ते छापील पुस्तकापेक्षाही किंचित मोठं दिसतं.

टॅब घेताना इथेच फसायला होतं. दहा इंची टॅब म्हणजे दहा इंची ई-रीडरएवढाच, असं आपण गृहीत धरतो. पण बरेच टॅब सिनेमाच्या सोयीने लांबुडके केलेले असतात. १६ बाय १० प्रमाणाचा १०.१ इंची टॅब उभा धरला तर त्याची रुंदी १३६ मिलिमीटरच भरते. उरलेली लांबी पानाच्या वर-खाली रिकामी पट्टी म्हणून वाया जाते. ४ बाय ३ किंवा त्याच्या जवळपासच्या प्रमाणाचा टॅब तेवढ्याच इंचांत जास्त रुंद असतो. १०.९ इंची आयपॅडची रुंदी १५८ मिलिमीटरच्या जवळ आहे, म्हणजे १०.३ इंची ई-इंकच्या बरोबरीची. तेव्हा दुकानात इंच विचारू नका, प्रमाण विचारा, नाहीतर सरळ पट्टी घेऊन जा. हसतील, हसू देत.

आणि विकत घेण्याआधी हे करा. तुमच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातलं सगळ्यात किचकट पान शोधा, समीकरणं, तक्ता आणि तळटीप एकत्र असलेलं. प्रिंट काढताना एका ए-४ कागदावर दोन पानं असा पर्याय निवडा. ए-४ चा अर्धा म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, आणि १०.३ इंची स्क्रीन आहे १५७ बाय २०९ च्या जवळपास. म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ तीच स्क्रीन आली, कागदाच्या रूपात. मग एका कागदावर चार पानं अशीही एक प्रिंट काढा. ती सात इंची रीडरएवढी होते. दोन्ही कागद घेऊन रात्री त्याच जागी, त्याच दिव्यात बसा आणि घातांक वाचता येतात का बघा. स्क्रीनवर समास कापून अक्षर आणखी थोडं वाढवता येतं, तेवढी सूट धरा. ही चाचणी जेवढं सांगते तेवढं कुठलंही परीक्षण सांगणार नाही, कारण परीक्षण लिहिणाऱ्याने तुमचं पुस्तक उघडलेलं नसतं.

शिवाय नवीन यंत्र येईपर्यंत तुमचा सहा इंची रीडर अगदीच निरुपयोगी नाही. तो आडवा धरा. आडवं धरल्यावर रुंदी १२२ मिलिमीटर होते आणि समास कापले तर अक्षर मूळच्या नव्वद टक्क्यांवर येतं. एका वेळी साधारण अर्धंच पान दिसेल, वरची आकृती बघायला मागे जावं लागेल, पण ओळीचं शेपूट तुटणार नाही. गणिताच्या पुस्तकात तासाला पाच-सहा पानं झाली तरी डोक्यावरून पाणी. तेवढ्यात अर्धं-अर्धं पान सरकवणं काही जड नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर सहकाऱ्याचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण तो तुम्ही जेवढा मनावर घेतलाय तेवढा घेऊ नका. ई-इंकच्या आत सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि तसेच राहतात. पान बदलेपर्यंत त्याला वीज लागत नाही, मागून प्रकाशही येत नाही. बाहेरचा उजेड परावर्तित होऊन आपल्याला दिसतो, कागदासारखाच. भर उन्हात किंवा खिडकीशी बसून वाचणाऱ्याला याचं सुख फार. तुम्ही मात्र रात्री वाचता. रात्री ई-इंकला कडेच्या छोट्या एलईडी पेटवाव्या लागतात आणि तो प्रकाश पृष्ठभागावरून परतून तुमच्याच डोळ्यांत येतो. टॅबचा प्रकाश खोलीतल्या उजेडाइतका उतरवला, रंग उबदार केला, तर दोन्हींत उरणारा फरक आवडीनिवडीचा आहे, औषधपाण्याचा नाही. डोळे चुरचुरतात त्याचं मोठं कारण वेगळंच असतं: एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय स्क्रीन फार जवळ, अक्षर फार बारीक. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. आणि अडतिशीच्या पुढे जवळचा नंबर हळूच येऊ लागतो. यंत्रावर खर्च करण्याआधी डोळे एकदा तपासून घ्या, हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे.

झोपेचा मुद्दा मात्र खरा आहे. झोपायच्या आधी प्रखर, निळसर प्रकाशाच्या स्क्रीनवर तासन्‌तास वाचलं तर झोप लागायला उशीर होतो, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तेही प्रकाशाच्या तीव्रतेचं प्रकरण आहे. टॅब मंद ठेवला तर ते बरंचसं निकालात निघतं.

मुलीच्या खोलीत वाचता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. मोठ्या आकाराच्या काही ई-इंक यंत्रांना आतला प्रकाशच नसतो. रीमार्केबल २ या यंत्राचंच उदाहरण बघा. वजनाने हलकं, लिहायला सुरेख, पण अंधारात काळी पाटी. वर टेबललॅम्प लावावा लागणार आणि मुलगी उठणार. १०.३ इंची घ्यायचं झालं तर 'फ्रंट लाइट आहे का' हा पहिला प्रश्न.

यापुढे निवड ठरते ती तुम्ही पुस्तकात कशा फिरता यावरून. तांत्रिक पुस्तक कुणी सरळ वाचत नाही. 'आकृती ४.७ पाहा' म्हटलं की मागे जायचं, मग परत यायचं. सूचीतून एखादी संज्ञा शोधायची. उदाहरण सोडवून झालं की शेवटी उत्तर बघायचं. ज्यांचं वाचन असं उड्या मारणारं आहे, म्हणजे चालू कामात अडलं की संदर्भ काढणारे, त्यांनी ई-इंकच्या वाटेला जाऊ नये. तिथे पान बदलायला, मोठं करायला, शोधायला लागणारा क्षणभराचा उशीर दहाव्या वेळी डोक्यात जातो, आणि आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते ती वेगळीच. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं तर त्यावर फारच रखडतात. अशा माणसाला टॅब, किंवा त्याहून बरा मोठा मॉनिटर.

तुमचं काम तसं नाही. तुम्ही दोन पुस्तकं पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन, तासाला पाच-सहा पानांच्या वेगाने वाचणार आहात. त्या वेगाला ई-इंकचा आळस जाणवतच नाही. फक्त दुकानात असताना एक करून बघा: पुस्तकातल्या एखाद्या दुव्यावर टिचकी मारून आकृतीवर जा आणि 'मागे' दाबा. जिथे होतात तिथेच परत आलात का? काही यंत्रं तिथेच आणतात, काही प्रकरणाच्या सुरुवातीला नेऊन सोडतात. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही आणि रोज वीसदा लागतं. तसंच समास एकदा कापले की पुढच्या सगळ्या पानांना लागू होतात का, आणि दोन रकान्यांच्या पानावर एकेक रकाना क्रमाने दिसतो का, हेही बघा. यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर यात कच्चं असेल तर केओरीडर नावाचं मोफत वाचन-ॲप कोबोच्या रीडरवर आणि अँड्रॉइडवर चालतं. दिसायला रुक्ष आहे, पण पीडीएफशी झगडण्यात त्याच्या तोडीचं मी तरी पाहिलेलं नाही.

पेनने स्क्रीनवर लिहिण्याचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. समासात प्रश्नचिन्ह काढायला, ओळ अधोरेखित करायला ते छानच. पण गणित सोडवायला वहीच बरी. समास मुळात चार शब्दांपुरता असतो आणि सिद्धता दीड पान खाते. पेन असलेलं घेतलंत तर ते लिखाण कुठे साठतं तेवढं विचारा. काही यंत्रं ते त्या पीडीएफ फाइलमध्येच लिहितात, मग ती फाइल कुठेही उघडली तरी टिपणं दिसतात. काही मात्र ते कंपनीच्या खात्यात ठेवतात. पाच वर्षांनी यंत्र बदललं की दोन पुस्तकांवरची मेहनत मागे राहायला नको.

नोटिफिकेशनची भीती मला फारशी पटत नाही. म्हणजे ती खोटी आहे असं नाही; पण वाचताना फोन तुमच्या उशाशी असणारच आहे, आणि भरकटायला तो पुरेसा आहे. टॅबवर मेसेजची ॲप टाकलीच नाहीत, वायफाय बंद ठेवलं, तर तोही बऱ्यापैकी मुका होतो. खरी अडचण निराळी आहे. 'घरात सगळ्यांना उपयोगी पडेल' असा टॅब म्हणजे रात्री दहा वाजता ज्याची बॅटरी चार टक्क्यांवर आहे आणि ज्यावर कुणाचं तरी कार्टून अर्धवट थांबलेलं आहे असा टॅब. नवऱ्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे, घराला टॅब लागत असेल तर जरूर घ्या. पण त्याच्या खर्चाच्या रकान्यात तुमचा अभ्यास लिहू नका. हे जरा स्पष्ट बोलले, पण ज्या घरांत अभ्यासाची वस्तू सामाईक झाली तिथे अभ्यास कुणाचा मागे पडतो, हे आपल्याला ठाऊक असतं.

'पाच-सात वर्षं' हेही थोडं सैल करा. टॅबची स्क्रीन आणि बॅटरी टिकली तरी सॉफ्टवेअरचे अपडेट बंद होतात. मग हळूहळू ॲप चालेनाशी होतात. साधा ई-रीडर इंटरनेटशिवायही फाइल उघडत राहतो आणि बॅटरी कमी वेळा चार्ज होत असल्याने ती दमते कमी. उलट, बऱ्याच ई-इंक स्क्रीनच्या आत पातळ काच असते. पिशवीत वरून डबा दाबला गेला की संपलं, आणि ती दुरुस्ती परवडत नाही. कडक कव्हर हा त्याच खरेदीचा भाग समजा. मेमरीच्या आकड्याला मात्र घाबरू नका. तांत्रिक पीडीएफ बहुधा दहा-वीस एमबींचं असतं, सगळ्यात लहान मॉडेलमध्येही शेकड्यांनी मावतात.

या सदराच्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट जोडते, कारण तुमच्या फाइल मोकळ्या आहेत, सगळ्यांच्या नसतात. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक बहुधा त्या दुकानाच्या ॲपलाच कुलूपबंद असतं. किंडलवर घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. ओरायली या तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशकाने सुटी ई-पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर विकणं २०१७ मध्येच थांबवलं; तिथे आता वर्गणी भरून ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये वाचायचं, आणि ते ई-इंकवर अवघडच जातं. मॅनिंग, नो स्टार्च प्रेस, प्रॅग्मॅटिक बुकशेल्फ यांच्यासारखे तांत्रिक प्रकाशक मात्र कुलूप नसलेल्या फाइल देतात. तेव्हा आपली पुस्तकं कुठून येतात ते आधी मांडा. वर्गणीवाल्यांनी टॅब किंवा निदान अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र. मोकळ्या पीडीएफवाल्यांना कुठलंही चालतं.

कागदाचाही विचार मोडीत काढू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो स्क्रीनवाल्यांपेक्षा थोडा जास्त समजला, आणि वेळेचं बंधन असेल तिथे हा फरक वाढला. फरक मोठा नव्हता. तरी चारांपैकी जे पुस्तक तुम्हाला सगळ्यात जड जातंय, ते एकच छापील घ्यायला काय हरकत आहे? माझ्या मते ते संख्याशास्त्राचं. त्यात एका बोटाने तक्ता धरून दुसऱ्या हाताने पान मागे नेता येतं, ही सोय अजून कुणाला यंत्रात नीट जमलेली नाही.

आता माझं मत. पुढचा एक महिना काही घेऊ नका. आठवड्यातले दोन दिवस लॅपटॉपवर पायथॉन, बाकीच्या दिवशी संख्याशास्त्राचं चालू प्रकरण दोन पानी प्रिंटवर किंवा आडव्या रीडरवर. महिन्याच्या शेवटी दोन प्रकरणं पेन्सिलीने भरलेली असतील तर फ्रंट लाइट असलेला १०.३ इंचांच्या आसपासचा ई-इंक रीडर घ्या. डोळ्यांसाठी नव्हे, तो दुसरं काही फार करू शकत नाही आणि घरात कुणी तो मागणार नाही, म्हणून. जर या महिन्यात असं लक्षात आलं की तुम्ही सारखं मागे-पुढे जाता, शोधता, रंगीत आलेखांत अडता, तर ४ बाय ३ च्या जवळचा टॅब, तुमचा एकटीचा, वापरलेला मिळाला तरी चालेल. फक्त त्याला अजून किती वर्षं अपडेट मिळणार आहेत ते विचारून. आणि महिन्यात तिसरं पानही उलटलं नसेल तर प्रश्न वेळेचा आहे. मग रात्रीऐवजी पहाटेचा तास जमतो का, मुलीला आठवड्यातून दोन रात्री नवरा झोपवेल का, हे घरात बोला. ते बोलणं टॅबपेक्षा स्वस्त आहे, सोपं असेलच असं नाही.

राहिली रंगीत ई-इंक. सध्या नको. सध्याच्या बऱ्याच रंगीत रीडरमध्ये काळ्या-पांढऱ्या थरावर रंगांची गाळणी बसवलेली असते. कॅलिडो ३ या प्रकारात काळा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतो, रंग मात्र १५० नेच, आणि गाळणीमुळे पांढरं पान करडं दिसतं, म्हणून दिवा जास्त लावावा लागतो. तुमच्या दोन पुस्तकांतले आलेख उघडून बघा. लाल आणि निळ्या रेषेतला फरक कळल्याशिवाय अडतं असे किती आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असले तर तेवढी पानं लॅपटॉपवर उघडा.